बोटवाले नाना आणि चाळीस दिवसांचा उपास

नाना आमच्या समोरच्या घरात राहायला आले त्या आठवड्यात माझी खात्री झाली होती की यांनी शेळी पाळली आहे. रोज सकाळी हा उंच, किंचित वाकलेला माणूस पिशवी घेऊन आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यातल्या मोकळ्या प्लॉटवर उकिडवा बसायचा आणि घोळ, तांदुळजा, पाथरी असला पाला खुडायचा. चौथ्या दिवशी शाळेत शिकवायला जाताना मी स्कूटर थांबवून विचारलं, "दूध विकता का?"

"कुणाचं?"

"शेळीचं."

त्यांना इतकं हसू आलं की पिशवी खाली ठेवावी लागली. "पोरी, शेळी मीच हाये. दुपारी ये, तुलेबी चारा देतो."

मी गेले. उकडलेला पाला, मीठ, वरून कच्चं तेल आणि लिंबू. मिरची नाही, लसूण नाही. मी तोंडदेखलं म्हटलं, छान आहे. "खोटं नको बोलू," नाना म्हणाले, "भाकरीनं ताट पुसून घे आन् मग सांग." पुसून घेतलं. भाकरीबरोबर खरंच बरं लागत होतं.

नाना मुक्ताईनगरकडचे. लग्नात वरण-बट्टी करणाऱ्या आचाऱ्याचे चिरंजीव. जळगाव जिल्ह्यात समुद्र नकाशातच दिसतो, पण हा माणूस पंचवीस वर्षं ग्रीक मालकाच्या मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होता. कसे गेलात, असं विचारलं की म्हणत, "भांडी घासायला गेलो, पातेलं हाती आलं." बायको वारलेली, मुलगी धुळ्याला दिलेली. घरी रोज पातेलंभर ग्रीक सूप रांधायचं आणि उरलेलं कॉलनीत वाटायचं, हा त्यांचा दिनक्रम.

सूप म्हणजे हॉटेलात मिळतं तसलं घट्ट, गुळगुळीत नव्हे. चवळी, गाजर, कांदा आणि इथे न मिळणाऱ्या सेलरीऐवजी कोथिंबिरीच्या काड्या, सगळं एकदमच पातेल्यात. मंद आच, दोन तास. तेल अगदी शेवटी, कच्चंच. मी एकदा कुकर सुचवला. "शिट्टी रेल्वेनं मारावी," नाना म्हणाले. कॉलनीतल्या बायका त्यांची वाटी हसून घ्यायच्या आणि घरात नेऊन तिला काळ्या मसाल्याची फोडणी द्यायच्या. नानांना ते ठाऊक होतं. "वाट्या परत येता तवा हिंगाचा वास येतो," एवढंच म्हणायचे.

मीही त्याच बायकांपैकी एक होते. माझ्या सासूबाई आजारी पडल्या नसत्या तर तशीच राहिले असते.

सासूबाई धुळ्याकडच्या. अहिराणी बोलणार, ठेचा रोज लागणार. पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या पोटातल्या अल्सरमधून रक्त गेलं. आठवडाभर दवाखाना झाला. डॉक्टरांनी घरी सोडताना मला बजावलं, "सहा आठवडे तिखट, आंबट, तळण बंद. खाल्लं पाहिजे, वजन वाढलं पाहिजे. पुन्हा रक्त गेलं तर ऑपरेशन, आणि या वयात ते मला करायचं नाहीये."

तिखट बंद करणं माझ्या हातात होतं. खायला लावणं नव्हतं. मुगाचं पाणी, पेज, मऊ भात, काहीही पुढे ठेवलं की त्या ताट सरकवायच्या. "बिनफोडणीनं मयतना घरमा खातस. मी आजून मरेल नही शे." त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. ज्या घरात मृत्यू झाला तिथे सुतक फिटेपर्यंत फोडणी देत नाहीत, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. दहा दिवसांत त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या.

अकराव्या दिवशी मी मूर्खपणा केला. मुगाच्या पाण्याला जिरं, लसूण आणि अर्धी लाल मिरची, एवढीच फोडणी दिली. सासूबाई दोन वाट्या प्यायल्या आणि त्यांनी मला आशीर्वाद दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी शौचाला काळं झालं. पुन्हा दवाखाना, पुन्हा इंजेक्शनं. रक्त थोडक्यात थांबलं, ऑपरेशनची वेळ आली नाही. मिरचीचं मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मला धारेवर धरलं, ते योग्यच होतं. घरात मात्र कुणाला सांगितलं नाही. नानांना सांगितलं.

मला वाटलं, आता व्याख्यान होईल. नाना म्हणाले, "मीबी हेच केलं होतं. बोटीवर पयल्याच दिवशी. कॅप्टनच्या चवळीच्या सुपाले मिरचीची फोडणी दिली. खालपासून वरपर्यंत सारी बोट खोकू राह्यली."

"मग? हाकललं नाही?"

"समुद्रात कुठी हाकलतो? त्यानं ॲप्रन बांधला आन् आठ दिवस माह्या शेजारी उभा राह्यला. बोलला कायीच नाही." मग उठून म्हणाले, "चाल, तुह्या घरी तीळ हायेत का?"

त्यांनी तीळ भिजवले, चोळून सालं काढली आणि दुधासारखे पांढरे होईपर्यंत वाटले. डब्यातल्या हातशेवया मोडून पाण्यात शिजवल्या, पातेलं खाली उतरवून त्यात तिळाचं वाटण कालवलं. मग सवयीनं त्यांचा हात लिंबाकडे गेला आणि थांबला. लिंबाशिवाय त्यांनी आयुष्यात हे सूप केलं नसावं. "डॉक्टर म्हणजे कॅप्टन," ते म्हणाले आणि सुरी ठेवून दिली.

सासूबाईंनी वाटीत डोकावून पाहिलं. "हाई काय शे? शेवयास्मा गूळ नही?"

"नाही, अक्का."

"फोडणी?"

"तेबी नाही."

"मंग लई जा. सुतकनं जेवन माले नको."

नाना त्यांच्या खाटेजवळ जमिनीवर बसले. "सुतक नाही, अक्का, उपास हाये हा. त्या लोकायचा मोठा सण असतो, त्याच्या आधी चाळीस दिवस. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही. बोटीवर निम्मे लोक हेच खायचे."

"त्यास्ना उपास माले कसाले?"

"मी धरला ना पंचवीस वर्सं. बोटीवर एकादशीची तिथी कोण सांगणार? मग त्यायच्या उपासात आपला मिसळून टाकला. मुक्ताईनं अजून जाब इचारला नाही."

सासूबाईंच्या गळ्यात माळ आहे. उपास म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. "कितला दिन म्हने?"

"चाळीस."

"आनि मोडी गया तं?"

"तं पयल्यापासून मोजा लागते."

त्यांनी वाटी हातात घेतली. मग विचारलं, "बठ्ठं खावानं?" आणि सगळं खाल्लं.

दाराबाहेर आल्यावर मी नानांना विचारलं, "मोडला तर पहिल्यापासून मोजायचा, असा खरंच नियम आहे?"

"नाही. अक्कांचा सोभाव पाहून केला."

मग नानाही आठ दिवस माझ्या ओट्यापाशी उभे राहिले. आज मसूर, उद्या दुधी आणि भात, परवा तांदुळजा. माझा हात तेलाच्या भांड्याकडे लवकर गेला की ते नुसतं खाकरायचे. नवव्या दिवशी आले नाहीत. मला तोवर जमायला लागलं होतं. सासूबाई दाराच्या चौकटीवर खडूनं रोज एक रेघ ओढायच्या. सतराव्या रेघेच्या दिवशी माझी नणंद धुळ्याहून शेवभाजी घेऊन आली. वास घरभर सुटला. सासूबाईंनी डबा हातानं मागे सारला आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मना उपास शे." मी तो डबा उचलून स्वयंपाकघरात नेला आणि झाकण घट्ट लावलं.

चाळीस दिवसांनी तपासणी झाली. जखम भरली होती, वजन वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं तिखट चालेल. सासूबाईंनी उपास वांग्याच्या भरताने सोडला. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. "आते जीव उना!" नाना समोरच बसले होते. मला त्यांच्यासाठी जरा वाईट वाटलं, चाळीस दिवस त्यांच्या सुपानं सांभाळलं आणि कौतुक शेवटी वांग्याचं. तसं मी म्हटलंही.

"अवं, सूप माणसाले घरापर्यंत पोचवतं," नाना म्हणाले. "घरी पोचल्यावर भरीतच खायचं. वाढ मलेबी."

पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना धुळ्याला घेऊन गेली. निरोपाचं फार काही झालं नाही. त्यांना पातेली टेम्पोत कशी बांधायची याचीच काळजी होती. तेव्हापासून दर उन्हाळ्यात शेवया झाल्या की सासूबाई एक डबा बाजूला काढायच्या, जरा बारीक वळलेल्या शेवयांचा. धुळ्याला जाणारं कुणी ना कुणी सापडायचंच.

गेल्या थंडीत एका सकाळी नानांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले होते. मी सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला. 

मग विचारलं, "जेयेल व्हतात का नाना?"

मी फोनवर विचारलं. संध्याकाळी वाटीभर शेवयांचं सूप घेतलं होतं, आणि वरून भाकरीनं वाटी पुसली होती.

"मंग चांगलं," सासूबाई म्हणाल्या.