नव्या स्क्रीनवरचं प्लास्टिक

माझी आत्या लाँड्रीत इस्त्री करते आणि तिच्या रागाला अख्खी गल्ली टरकून असते. लेकीने न विचारता लग्न केलं तेव्हा तिने एवढंच ऐकवलं, "यापुढे फोन करू नकोस. केलास तरी मी उचलणार नाही." लेकही तिचीच. तिने केला नाही. ती पोटुशी असल्याचं आम्हाला जावयाकडून कळलं.

तेव्हापासून फोन कायम इस्त्रीच्या टेबलावर, हाताशी. कुणाची वाट बघतेस म्हटलं की आत्या खेकसायची, "वेळ बघते!" समोर भिंतीवर हे भलंमोठं घड्याळ.

गेल्या आठवड्यात फोन टेबलावरून आपटला. मोबाइलच्या दुकानदाराने नवीन स्क्रीन बसवली आणि वरचं पातळ प्लास्टिक सोलायला घेतलं, तर हिने त्याचा हातच धरला. आत्याच्या घरी नव्या वस्तूचं प्लास्टिक निघत नाही. रिमोट पिशवीत राहतो, फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक पिवळं पडलंय, खुर्चीवर बसलं की चुरचुर आवाज होतो. "राहू दे, नवीन आहे," म्हणाली आणि त्यावरच जाड काच लावून घेतली.

झालं! फोन तिचं ऐकेचना. तिने बोट घासलं, दाबलं, फोन बंद करून चालू केला, चार शिव्या घातल्या. तणतणत आम्ही दुकानात गेलो, तर दुकानदाराने आपलं मऊ बोट फिरवलं आणि फोन निमूटपणे चालायला लागला.

"मावशी, फोन ठीक आहे. इस्त्री करून तुमची बोटं निबर झालीत."

"माझ्या बोटांना नावं ठेवतोस? याच बोटांनी तुझे शर्ट कडक होतात, मेल्या!"

माझंही डोकं फिरलं. मीही दोन शब्द सुनावले. तो मागून आणखी काहीतरी सांगत होता, पण आम्ही केव्हाच पायऱ्या उतरलो होतो.

काल दुपारी मी कपडे पोचवून परतले, तर आत्या फोनवर मुठी आपटत होती. इस्त्रीखाली कुणाची तरी चादर जळत होती. मी आधी इस्त्री उचलली, मग फोन घेतला. माझ्या बोटाने तो लगेच उघडला. लेकीचे तीन मिस्ड कॉल. खाली जावयाचा मेसेज, "ऑपरेशनला नेताहेत. तिला एकदा तुमच्याशी बोलायचं होतं."

"तिचं नाव दिसत होतं गं," आत्या ओरडली. "मी बोट झिजवलं! मेला हलला नाही!"

परत फोन लावला, तर दोघांचेही बंद. मला इतका संताप आला की नखाने ती काच उचकटली. खालून प्लास्टिकचं निळं टोक वर आलं. दुकानदार मागून हेच काढायला सांगत होता, ते आता कळलं. आत्याने ते टोक धरून सगळं प्लास्टिक फर्रकन ओढलं आणि चुरगळून फेकलं.

मग आम्ही दोघी आळीपाळीने फोन लावत राहिलो. गिऱ्हाइकं आली, त्यांना परत पाठवलं.

संध्याकाळी फोन वाजला. आत्याने बोट फिरवलं. पहिल्याच फटक्यात उचलला गेला. पलीकडे तान्ह्याचं रडणं आणि लेकीचा थकलेला आवाज.

"आई, तू म्हणाली होतीस तसंच केलंस ना? उचलला नाहीस."

"गप्प बस, मूर्ख कार्टे!" आत्या कडाडली आणि ढसाढसा रडायला लागली. "उचलत होते गं मी. तिन्ही वेळा उचलत होते."