चिमटाबाई आणि सात खुंट

तपासणी केंद्रात येणारी पोरं त्यांना चिमटाबाई म्हणत. एकोणीस वर्षं बाई बुरशीच्या तपासणीसाठी नमुने घेत होत्या. कातडी खरवडायची, नखाखालचा भुगा काढायचा, चिमट्याने केस उपटायचे. पूर्वी बुरशी वाढवून बघण्यात चार आठवडे जात. बुरशीची जनुकं शोधणारं नवं यंत्र दुसऱ्याच दिवशी निकाल देऊ लागलं, तेव्हा सगळे म्हणाले, "बाई, आता तुमची सुट्टी!"

"आणि यंत्राला भरवणार कोण, तुमचे काका?"

एकदा बाई रजेवरून परतल्या, तर आठ वर्षांच्या एका मुलीचा अहवाल साहेबांच्या सहीसाठी तयार होता. 'बुरशी नाही.' मुलीच्या डोक्यावर बांगडीएवढं टक्कल पडलं होतं. बुरशी नसेल तर उद्या तिथे स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यायची, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. बुरशी असती, तर त्याने ती आणखी फोफावली असती.

बाईंनी उरलेला नमुना उघडला. लांबसडक केस, कात्रीने कापलेले. एकालाही मूळ नाही.

"पोर रडत होती हो," बाईंच्या रजेत नमुना घेणारी बदलीवरची जोडीदारीण पुटपुटली. "तिची आई म्हणाली, ओढू नका."

बाई तडक साहेबांकडे गेल्या.

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई."

"नाहीच बोलत! पण बुरशी असते केसाच्या मुळाशी. चोर तळघरात, आणि आपण झडती घेतली गच्चीची. सही थांबवा."

डॉक्टरांना फोन गेला. इंजेक्शनं दोन दिवस पुढे ढकलली गेली. मायलेकी आल्या. आईचा चेहरा एवढासा झाला होता.

"परत ओढणार?" तिने विचारलं.

"लांब केसांना हात लावणार नाही. टक्कलातले हे तुटके खुंट तेवढे. बुरशी असली तर त्यांच्यातच." बाई मुलीकडे वळल्या. "सात. तू मोज."

"आठवा ओढलास तर मी तुझा उपटीन!"

"उपट. पांढरा बघून घे मात्र."

मुलीने दात-ओठ खात सात मोजले.

दुसऱ्या दिवशी यंत्राच्या पडद्यावरची रेघ बराच वेळ आडवीच पडून होती. मग तिने मान वर काढली आणि सरळ वर चढत गेली. "सापडली!" बाई ओरडल्या, तशी अख्खी खोली धावत आली. साहेबांनी जुना अहवाल टराटरा फाडला. इंजेक्शनं रद्द होऊन पोटातून घ्यायचं औषध सुरू झालं.

"बुरशी निघाली म्हणून आनंदाने रडणारी पहिलीच आई असेन मी," फोनवर आई म्हणाली.

तीन महिन्यांनी बुरशी गेल्याची खात्री करायला मुलगी आली. स्वतःच खुर्चीत चढली आणि डोकं पुढे केलं.

"शोध आता!"

टक्कलाच्या जागी दाट काळे केस उगवले होते. बाईंनी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं, भांग पाडून पाडून पाहिलं. खुंट एकही नव्हता.

"हरलीस!" मुलगी म्हणाली.

"हरले गं बाई!" म्हणत चिमटाबाईंनी तिचा गालगुच्चा घेतला.