सासूबाईंची चार खाचरं

गेल्या आषाढात माझा देवावर राग होता. श्रद्धा म्हणावी अशी कधीच नव्हती, पण राग मात्र खरा होता. जिनं चाळीस वर्षं चिखलात वाकून काढली, तिला ऐन लावणीच्या तोंडावर, शेताच्या बांधावरच अर्धांगवायूचा झटका यावा, याचा अर्थ मला लागत नव्हता.

त्या माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आई म्हणायचो. खेडजवळच्या आमच्या गावात त्यांची भाताची चार खाचरं. सासरे लवकर गेले. पेरणीपासून झोडणीपर्यंत सगळं त्यांनीच ओढलं. मी अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेली, शाळेत शिक्षिका. मला त्यांनी कधी चिखलात उतरू दिलं नाही. "तू पोरांना शिकव गो, माझं मी बघतंय," म्हणायच्या. माझी लेक सहा महिन्यांची असताना मी शाळेत रुजू झाले, तेव्हा बांधावरच्या आंब्याला लुगड्याची झोळी बांधून त्यांनी तिला वाढवलं. झोका द्यायचा आणि पुन्हा कापणीला वाकायचं. संध्याकाळी मी घरी यायची तेव्हा लेक न्हाऊन, जेवून झोपलेली असायची. त्या दमल्यात का, हे मी कधी विचारलंच नाही.

दवाखान्यात त्यांची वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. डावा मात्र चादरीवर सारखा हलायचा. यजमानांना वाटलं, त्रास होतोय. मी बघत राहिले. अंगठा आणि दोन बोटं खाली टेकत, जरा मागं सरकत, पुन्हा टेकत. त्या लावणी करत होत्या.

यजमानांना त्यांच्याजवळ ठेवून मी रजा टाकली आणि घरी आले. रोपं वाढून लावणीच्या पुढं चालली होती. आणखी आठवडा गेला असता तर हाती काही लागलं नसतं. शेजाऱ्यांनी पॉवर टिलरनं चिखल करून दिला, पण वाडीत ज्याची त्याची घाई, माणूस मिळेना. सकाळी एकटीच उतरले. मी लावलेलं प्रत्येक रोप सुटून पाण्यावर तरंगायचं. तासाभरात रडू फुटलं. चिखलाचे हात जोडून म्हटलं, "मला येत नाही. आता तूच बघ." त्यात भक्ती कसली, मी हरले होते.

थोड्या वेळानं बांधावरून हाक आली, "सूनबाय, म्हातारी खंय गेली?"

डोक्यावर पाटी घेतलेली पन्नाशीची बाई होती. आंजर्ल्याची कोळीण. दरवर्षी सुकी मासळी घेऊन यायची, आईंकडे जेवायची, दुपारी पडवीत टेकायची. मी तेव्हा सुट्टीत माहेरी असल्यामुळे तिला कधी पाहिलंही नव्हतं. आईंचं ऐकून तिनं पाटी बांधावर उतरवली. मग पदर खोचून चिखलात उतरली.

"माझं म्हायार शेतकऱ्याचं. असं धर गो. खोल नको, नुसतं टेकव."

"तुम्ही आज कशा आलात, मावशी?"

"दरसाल पावसाआधीच येतंय. यंदा सुनेचं बाळंतपण निघालं, म्हनून उशीर झाला."

मनात आलं, ती वेळेवर, पावसाआधीच येऊन गेली असती तर?

चार दिवस ती राहिली. चारही खाचरं लावून झाली. मी देऊ केलेलं काहीच घेतलं नाही. म्हणाली, "तिच्या हातचं वीस वर्षं जेवलंय."

मोबाईलवर शेताचा फोटो दाखवला त्या दिवशी चादरीवरचा आईंचा हात थांबला. श्रावणात त्या घरी आल्या, तुटक बोलू लागल्या. खुर्चीत बसवून आम्ही त्यांना बांधावर नेलं. मी लावलेलं खाचर त्यांनी लगेच ओळखलं.

"रांगा वाकड्या," म्हणाल्या. मग तोंडाच्या एका बाजूनं हसल्या. "भात सरळ येल."

नव्या तांदळाची पेज त्या दोन महिने जेवल्या आणि मार्गशीर्षात शांतपणे गेल्या. लेक आणि मी पायाशी बसलो होतो.

दिवसकार्य उरकल्यावर मावशीला सांगायला आंजर्ल्याला गेले. तिनं डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, "नवं तांदूळ खाल्लान ना तिनं?"

"खाल्लान," मी म्हटलं.

परतण्याआधी कड्यावरच्या गणपतीला गेले. हात जोडून उभी राहिले. मागायचं काहीच सुचलं नाही. जे मागायला हवं होतं ते मला कळायच्या आधीच मिळालं होतं.