पोत्यांच्या काट्यावर आई

१९६८ सालच्या फेब्रुवारीत नागपूरच्या एका सर्जनने माझ्या आईची शस्त्रक्रिया करायला नकार दिला. त्या दिवशी तिचे वजन अठ्ठ्याण्णव किलो होते. वय एकोणपन्नास.

तिच्या बेंबीच्या वर पेरूएवढा हर्नियाचा फुगवटा होता. खोकली की तो बाहेर येई, निजली की आत जाई. चार वर्षे ती तो लुगड्याच्या निऱ्यांखाली दाबून वावरत होती. मी नागपूरच्या एका दैनिकाचा बालाघाट जिल्ह्याचा बातमीदार होतो आणि ऐकलेले वाक्य जसेच्या तसे टिपायची मला सवय होती. त्यामुळे सर्जनचे शब्द माझ्या वहीत आहेत.

"एवढ्या चरबीत टाके धरत नाहीत. वजन ऐंशीवर आणा. तंबाखू सोडा, कारण खोकल्याने शिवलेले फाटते. मग करू. आणि त्याआधी फुगवटा कडक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले असे समजा आणि ताबडतोब या."

बालाघाटहून यायला किती वेळ लागतो, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की नॅरोगेजच्या छोट्या गाडीने गोंदिया, तिथे बदलून नागपूर. गाड्या जुळल्या नाहीत तर दिवस जातो. ते म्हणाले, "अडकलेल्या आतड्याला दिवस नसतो."

पुढचे वाक्य त्यांनी आईकडे न बघता मला सांगितले. "यांच्याने हे होईल असे मला वाटत नाही. तुमच्याकडची माणसे तिन्ही वेळा भात खातात."

आई उठली. जिना उतरताना बोलली.

"तो तुले काहून सांगत होता? पोट माह्यं हाय."

गोंदिया स्टेशनवर मी भजी घेतली. तिने पुडा माझ्याकडे परत सरकवला. पथ्य तिथून सुरू झाले.

आमच्या भागात सकाळी रात्रीच्या भाताची पेज, दुपारी भात, संध्याकाळी भात. पाहुणा आला तर मधे आणखी एकदा. पोळी सणाला किंवा आजाऱ्याला. आईने भात एका वेळेवर आणला आणि तोही एका वाटीवर. वाटी तिने स्वतः निवडली, माझ्या लहानपणीची, पितळेची. इतर वेळी चवळाई, दोडका, पातळ वरण आणि गव्हाची एक पोळी. चहातला गूळ गेला. पहिले पंधरा दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यांनी एकदा तिच्या ताटात जास्तीचा भात वाढला. तिने ताट उचलून त्यांच्यासमोर ठेवले आणि त्यांचे ताट स्वतःकडे घेतले. त्यात काही उरले नव्हते.

सर्जनने रोज तासभर चालायला सांगितले होते. यात अडचण पायांची नव्हती. मोठ्या वयाची बाई कामाशिवाय रस्त्याने चालत नसे. आई पहाटे वैनगंगेकडे निघाली की दारादारांतून विचारणा होई.

"कुठं चालल्या वं बाई?"

"नदीवर."

"काहून? घरचा नळ बंद हाय का?"

म्हणून तिने काखेत रिकामी घागर घेतली. घागर असली की कोणी विचारत नसे. महिनाभर ती रिकामी घागर घेऊन गेली आणि रिकामी घागर घेऊन आली. मग एका सकाळी घागर दाराशी ठेवून गेली. कोपऱ्यावरच्या बाईने विचारलेच. "आज घागर नाई?"

"नाई. चालाले जाऊन राह्यली. पोट कमी कराचं हाय. तुले यायचं असन तं चाल."

ती बाई आली नाही. पण त्यानंतर विचारणा थांबली.

प्रश्न वजन करायचा होता. सरकारी दवाखान्यात काटा होता, पण तो व्हरांड्यात, रांगेसमोर. आई म्हणाली, "पोत्याईसोबत उभी राहीन, पण त्या रांगेत नाई." आमच्या गल्लीच्या टोकाला राइस मिल होती. तिथे धानाची पोती तोलायचा लोखंडी काटा होता. जमिनीलगत फळी, बाजूला दांडी, दांडीवर सरकते वजन. तिथला मापारी खैरलांजीकडचा, आईच्या माहेरच्या गावचा. नात्याने कोणी नव्हता, पण गावचा म्हणून ती त्याला भाऊ म्हणे आणि तो तिला बाई. दर सोमवारी दुपारी, हमाल जेवायला गेले की, ती फळीवर उभी राही. तो वजन सरकवी, दांडी स्थिर झाली की आकडा मोठ्याने सांगे, जसा पोत्यांचा सांगे तसाच.

नागपूरहून परतल्यावर पहिल्या सोमवारी त्याने सांगितले, "शहाण्णव."

एका आठवड्यात दोन किलो. आईने घरी येऊन वडिलांना सांगितले, "पाह्यलं? तो डॉक्टर म्हणत होता होणार नाई." मी आकडा वहीत लिहिला. बातमी आली की ती कोणी सांगितली आणि त्याने स्वतः पाहिले का, हे विचारायचे, असे मला पहिल्या नोकरीत शिकवले होते. तो आकडा मी विचारल्याशिवाय लिहिला. ही चूक माझी.

मे महिन्यात लांजीला मावशीच्या मुलीचे लग्न होते. आईचे वजन तेव्हा एक्याण्णव होते. आमच्या लोकांत नवरीच्या मोठ्या मावशीचा मान असतो. पंगतीत पहिला भात तिच्या पत्रावळीवर पडतो आणि तिने घास घेतल्यावर बाकीच्या बाया जेवायला लागतात. तिने हात आखडला तर वरपक्षाला वाटते की घरात काही बिनसले आहे. मावशी भाताची बादली घेऊन समोर आली. आईने पत्रावळीवर आडवा हात धरला.

"एकच घास वाढ, बस."

"अवं बाई, एवढ्यानं काय होते! माह्या पोरीचं लगन हाय."

"हाय ना. म्हणून तं आली."

"लोकं काय म्हणन? बहिणीनं जेवू नाई घातलं म्हणन."

शेजारची एक म्हातारी म्हणाली, "बालाघाटले राहून मेमसाब झाली हे." बाया हसल्या. मावशीच्या डोळ्यांत पाणी आले. आईचा हात तसाच होता. पंगत थांबली होती. दुसऱ्या टोकाला वरपक्षाच्या बायांनी माना वळवल्या.

मग आई उठली. मावशीच्या हातातली बादली घेतली, पदर खोचला आणि वाढायला लागली. त्या म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात केली. "घे. मेमसाबच्या हातचा घे." तीन पंगती तिने वाढल्या, प्रत्येकीला नाही म्हणेपर्यंत. वाढणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही. संध्याकाळी तिने ताकाचा एक पेला घेतला. वरपक्षाकडून तक्रार आली नाही. मावशी मात्र दिवाळीपर्यंत आमच्याकडे आली नाही.

तंबाखूचे वेगळे होते. आई सकाळ-संध्याकाळ गुडाखू लावायची. गुळात मळलेली तंबाखू, बोटाने दातांना घासायची. ती सोडली असे तिने फेब्रुवारीतच सांगितले होते. जुलैत मला डबी चुलीमागच्या कोनाड्यात सापडली, अर्धी भरलेली. मी ती तिच्यासमोर ठेवली.

"भात सोडला, गूळ सोडला, गोड सोडलं," ती म्हणाली. "एक डबी राह्यली तं तुह्या डोळ्यात आली."

त्यानंतर आठ दिवसांनी, दुपारी दोनच्या सुमारास, तिला खोकल्याची उबळ आली आणि फुगवटा बाहेर येऊन कडक झाला. निजली तरी आत जाईना. बाहेर पाऊस होता. गोंदियाची गाडी संध्याकाळी होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी पाय उशीवर उंच करायला सांगितले, पोटावर ओला फडका ठेवला आणि उलटी झाली तर वाट बघू नका म्हणाले. वडील मोटारगाडीची चौकशी करायला गेले. आई छताकडे बघत पडली होती. दोन तासांनी तिनेच सांगितले, "गेलं आत."

उठल्यावर तिने कोनाड्यातली डबी काढली आणि परसातल्या उकिरड्यावर फेकली. झाकण वेगळे, डबी वेगळी.  खोकला सप्टेंबरात थांबला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी मापाऱ्याने सांगितले, "ऐंशी." त्याने स्वतःच्या घरचा एक पेरू तिच्या हातावर ठेवला. तिने तो खाल्ला.

त्याच आठवड्यात आम्ही नागपूरला गेलो. आईने नवे लुगडे नेसले होते. इस्पितळाच्या काट्यावर ती उभी राहिली. नर्सने आकडा सांगितला. ब्याऐंशी.

सर्जनने कागद बघितला. "सोळा किलो उतरवले, ही मोठी गोष्ट आहे. पण मी ऐंशी सांगितले होते. आणखी दोन. मग या."

"डॉक्टरसाहेब, तुमचा काटा खोटा हाय."

"काटा बरोबर आहे, बाई."

"तुमचं वजन किती?"

"माझे? सत्तर."

"उभे राहा."

नर्सने तोंडावर हात धरला. सर्जन बूट काढून फळीवर चढले. त्र्याहत्तर भरले.

"काटा बरोबर असन तं तुम्ही बी तीन उतरवा," आई म्हणाली. "मी दोन उतरवून येतो. पाहू कोण पहिले येते."

सर्जन हसले. तारीख मात्र दिली नाही.

 बालाघाटला उतरल्यावर मी घरी न जाता मिलवर गेलो. तिथे शिक्क्याची लोखंडी वजने होती. वीस किलोचे एक मी उचलून काट्यावर ठेवले आणि मापाऱ्याला तोलायला सांगितले. त्याने दांडीवरचे वजन सरकवले. दांडी विसावर स्थिर झाली. मी बघत होतो. तो मोठ्याने म्हणाला, "अठरा."

"दांडी विसावर हाय, मामा."

"हौ."

"मंग अठरा काहून?"

"बारदाना कापला ना. एक किलो पोत्याचा, एक धानातल्या ओलीचा."

"हे लोखंड हाय. याले पोतं कुठं हाय?"

त्याने वजनावरून हात फिरवला. वीस वर्षे त्या काट्यावर जे आले ते पोत्यात बांधलेले आले होते आणि त्याने प्रत्येक आकड्यातून दोन किलो कमी करून सांगितले होते. डोळे दांडी वाचत, तोंड दोन कमी बोले. मधे विचार नव्हता.

"आन बाई?" मी विचारले.

"तिचं बी कापलं असन," तो हळू म्हणाला. मग थोडा सावरून, "पण बाईच्या अंगावर नऊवार लुगडं होतं. ते कापाचं का नाई?"

मी घरी जाऊन सांगितले. पहिल्या आठवड्यातले दोन किलो कधी उतरलेच नव्हते, हेही सांगितले. वडील मापाऱ्यावर चिडले. आई चुलीसमोर बसली होती. तिने पितळी वाटी उचलली, त्यातला भात अर्धा केला आणि उरलेला पातेल्यात परत टाकला.

"त्याले काही बोलू नका," ती वडिलांना म्हणाली. "मले धान समजला, त्यात त्याचा काय दोष? नऊ महिने तशीच तं उभी राह्यली."

पुढचा सोमवार आला तशी ती मिलवर गेली. आम्ही दवाखान्याच्या काट्याचे सुचवले होते, ते तिने ऐकले नाही. फळीवर चढण्यापूर्वी मापाऱ्याला म्हणाली, "भाऊ, दांडीवर दिसन ते सांग. तुह्याकडून काही घालू नको, काही काढू नको."

त्याने आकडा सांगितला. मग तिने मला दांडी वाचायला लावली. आकडा तोच होता. एक्याऐंशी.

त्या महिन्यात ती सकाळी वैनगंगेपर्यंत आणि संध्याकाळी पुन्हा एकदा स्टेशनपर्यंत चालली. कोपऱ्यावरची बाई एका सकाळी चप्पल घालून दारात उभी होती. ती सोबत गेली. काही दिवसांनी आणखी एक आली. आई त्यांच्यासाठी थांबत नसे.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इस्पितळाच्या काट्यावर तिचे वजन साडेएकोणऐंशी किलो भरले. आईने सर्जनना त्यांचे विचारले. त्यांनी बाहत्तर सांगितले. तिने काट्याकडे बोट दाखवले. ते चढले. बाहत्तर होते.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. सव्वा तास लागला. टाके दहाव्या दिवशी काढले.