सरदारचा सूड

सरदार कुणाला माफ करत नसे. घराजवळचा पोहेवाला एकदा एका म्हातारीवर खेकसला, तर सरदारने पोहेच सोडले. उज्जैनमध्ये राहून पोहे सोडणं म्हणजे काय, ते इथल्यालाच कळेल. पूर्वज शिंदेसरकारच्या चाकरीत होते म्हणून आम्ही त्याला सरदार म्हणत असू. ते मुदपाकखान्यात होते, हेही तोच हसत सांगायचा. भैरवगढला त्याचं छापील चादरींचं दुकान होतं.

आम्ही म्हणजे पुरुषांवर प्रेम करणारे चार-पाच मित्र. फोनवरच्या ॲपमुळे एकमेकांना सापडलो. त्या ॲपवर जो तो स्वतःला ‘क्लीन’ म्हणवतो. सरदारला या शब्दाची चीड होती. ‘‘साबण लावला की कुणीही साफ होतो. जांच कधी करवलीस ते सांग,’’ असं तो समोरच्याला सरळ विचारायचा. निरोध खिशात नसेल तर घराबाहेर पडू नका, हे तर आम्हाला पाठच झालं होतं. एड्सपासून बचावाची गोळी आधीच घेता येते, हेही आम्हाला पहिल्यांदा त्यानेच सांगितलं.

पण त्याचं हे बजावणं सगळं आमच्यातला गिरीश गेल्यानंतरचं. गिरीशवर सरदारचं प्रेम होतं; गिरीशने ते मैत्री म्हणूनच घेतलं. ॲपवर त्याला एक इंदूरचा माणूस भेटला. रिपोर्ट काढलाय, निरोधची गरज नाही, असं त्याने छातीठोक सांगितलं. गिरीशने विश्वास ठेवला, आणि पुढे दुखणं आलं तेव्हा लाजेपोटी लपवलं. दवाखान्यात नेईपर्यंत एड्सने आणि त्यातून जडलेल्या क्षयाने त्याला पोखरलं होतं. दुसरं कुणी आयुष्यात नव्हतंच, एवढं त्याने सरदारला सांगितलं. त्या माणसाचं नावही.

सरदारने ॲपवर त्याला शोधून काढलं आणि खोट्या नावाने नानाखेड्याच्या बसस्टँडवर बोलावलं. मारामारी होईल या भीतीने मी बरोबर गेलो. आला तो एक घाबरट, लग्न झालेला माणूस. गिरीशचं नाव ऐकताच खाली बसला. ‘‘भाईसाहब, मैंने कभी जाँच करवाई ही नहीं. झूठ बोला था.’’

सरदारचा हात उठला. मग तोच हात त्याच्या खांद्यावर पडला आणि त्याला रिक्षात बसवून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. दारात सरदार म्हणाला की इथे कुणी जबरदस्ती करत नाही, आत जायचं की पळायचं ते तूच ठरव. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा रडत होता. सरदारने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

‘‘तुला मरू देणार नाही,’’ तो म्हणाला. ‘‘गिरीश मेला. तू रोज गोळी गिळायचीस आणि गिळताना त्याला आठवायचंस. आणि आज घरी जाऊन बायकोला खरं सांगायचंस. तिचीही जांच करवायचीस.’’

त्याने सांगितलं. बायकोला लागण नव्हती. ती महिनोन् महिने त्याच्याशी बोलली नाही, पण सोडून गेली नाही. सरदार मात्र रोज सकाळी त्याला फोन करायचा. नमस्कार नाही, चौकशी नाही, फक्त गोळी घेतलीस का. पुढे औषधाने विषाणू इतका दबला की तपासणीत सापडेना. डॉक्टरांच्या सल्ल्याने मूल झालं, निरोगी. तो मिठाई घेऊन दुकानात आला, आणि भीतभीत म्हणाला की मुलाचं नाव गिरीश ठेवलंय.

सरदारने चादरीची घडी घालणं थांबवलं. ‘‘बदल,’’ तो म्हणाला.

त्याने नाव बदललं. मिठाईचा डबा सरदारने बाहेर गायीपुढे रिकामा केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन केला.

गेल्या थंडीत सरदार हृदयविकाराने गेला. क्षिप्रेच्या काठी आम्ही मोजकेच होतो. तो माणूसही आला होता, धडधाकट, केस थोडे पिकलेले. लांब पिंपळाखाली उभा राहून तो माझ्याकडे बघत होता. कुणीतरी म्हणालं, त्याला जवळ बोलाव, लाकूड तरी ठेवू दे.

मी बोलावलं नाही.