बारावीपर्यंतचं कुलूप

“माही फाइल जाळून टाका, मॅडम. आत्ताच्या आत्ता.”

वनिता खुर्चीच्या टोकावर बसली होती. डॉक्टर मॅडम तिला पाणी पी म्हणत होत्या आणि मी त्यांच्या कॉम्प्युटरसमोर होते. वाशिममधल्या काही दवाखान्यांची सिस्टिम आणि तिथल्या फाइलींची कुलपं मी सांभाळते. प्रिंटर अडकला तरी मलाच फोन येतो. त्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, “प्रिंटर नाही गं, माणूस अडकलंय. ये लवकर.”

वनिता रिठदकडची, भाजीपाला पिकवणारी. (नाव-गाव अर्थात बदललं आहे. कुलूपवालीनंच दार उघडं टाकलं तर कसं व्हायचं!) लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. मॅडमनी दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन उपचार केले आणि मुलगी झाली. आता ती पहिलीत आहे. हे फक्त नवरा-बायकोला आणि मॅडमना ठाऊक होतं.

“आता तुमालेबी,” वनिता माझ्याकडे बघून म्हणाली. “मोबाइलवर सांगून राह्यले, नवा कॉम्प्युटर येऊन राह्यला म्हने. सारी कुलपं तोडते. माह्या पोरीले कोनी काही सांगतलं तं?”

फाइल जाळता येत नव्हती. असे कागद कायद्यानं बरीच वर्षं जपावे लागतात. मॅडमनी मला डोळ्यानं खुणावत विचारलं, “बातमी खोटी आहे ना गं?”

“अर्धी खरी आहे,” मी म्हणाले. मॅडमनी कपाळावर हात मारला.

मग समजावलं. साध्या कॉम्प्युटरचा सगळ्यात लहान तुकडा एक तर शून्य असतो, नाहीतर एक. तिनं ऐकलेल्या नव्या, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा तुकडा मोजेपर्यंत दोन्हींच्या मिश्रणात असतो. त्या जोरावर तो काही ठरावीक गणितं झटपट सोडवू शकतो. सगळी नाही. पण इंटरनेटवरच्या बऱ्याच किल्ल्या ज्यांवर बेतल्या आहेत, ती गणितं नेमकी त्यातच येतात. तेवढं मोठं यंत्र मात्र अजून कोणाकडे असल्याचं दिसत नाही.

“मंग कायले भ्यायचं?”

“कच्चे आंबे आज चोरून आढीत घालता येतात ना? तशी बंद फाइल आज चोरून ठेवायची. यंत्र आलं की उघडायची.”

हे तिला लगेच पटलं, आणि ती आणखीच घाबरली.

मी तपासायला घेतलं. दवाखान्यातल्या डिस्कचं कुलूप पक्कं होतं. त्या जातीच्या कुलपाला क्वांटमची फारशी भीती नाही. पण फाइलींची एक प्रत रोज इंटरनेटवरून क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर जायची आणि वाटेतली किल्ली जुन्या पद्धतीची होती. अपडेट करून घ्या, असं मी मॅडमना दिवाळीपासून म्हणत होते.

“मी पेशंट पाहू का तुझं अपडेट पाहू?” मॅडम फुरंगटल्या. या बाईवर माझा फार जीव आहे, म्हणून वाद न घालता कामाला लागले.

क्लाउडवरच्या वनिताच्या प्रती पुसल्या. फाइलीवरचं नाव काढून नंबर घातला. जादा प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन मॅडमच्या तिजोरीत ठेवली. बाकी फाइलींच्या वाटेसाठी नव्या गणिताची किल्ली लावली. तिच्यावर चालेल अशी क्वांटमची युक्ती आजवर तरी सापडलेली नाही. मग आमच्या धंद्यातला ठरलेला प्रश्न विचारला, “किती वर्षं लपून राहायला हवं?”

“मी मेल्यावरबी.”

“तेवढी गॅरंटी मी देत नाही, वनिताताई. आधी गेलेली प्रत कोणी वाटेत उचलली असेल, तर तीही परत आणता येत नाही.”

ती उठून गेली. “थोडं गोड बोलली असतीस तं काय बिघडत होतं?” मॅडम चिडल्या. मला वाईट वाटलं. पण खोटा धीर देऊन तिला कशी पाठवणार होते?

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी नवी डिस्क तपासायला गेले, तर वनिता मेथीच्या जुड्या घेऊन हजर.

“ताई, पोरीची बारावी होईपर्यंत धरंल का कुलूप?”

“बहुतेक धरेल.”

“मंग मोप झालं. त्याच्या आंदी मीच सांगीन तिले. जवळ बसवीन अन् म्हनीन, बीज दुसरीचं, पन तुले पोटात म्याच वाढवलं. हे तिले कॉम्प्युटरच्या तोंडून कायले समजाले पायजे?”

मॅडमनी तिच्या हातातल्या जुड्या घेतल्या. एक जुडी त्यांनी माझ्या पिशवीत कोंबली.

आता प्रत्येक दवाखान्यात मी तो प्रश्न सगळ्यात आधी विचारते. बहुतेक जण म्हणतात, “कायमचं.” तसलं कुलूप माझ्याकडे नाही. बारावीपर्यंतचं मिळेल.