कंडक्टरच्या हातचा रुखवत

देवानंद तायडेनं अठ्ठावीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली. अकोला–अमरावती ही त्याची लाइन. मूर्तिजापूरला कोण चढणार आणि बडनेऱ्याला कोण उतरणार, हे त्याला तोंडपाठ होतं. स्वतःच्या घरात मिठाची बरणी कुठं असते, ते मात्र माहीत नव्हतं. त्याची कधी गरजच पडली नाही. ड्यूटी पहाटेची असो की दुपारची, बायको शालू डबा हातात ठेवायचीच. डेपोत तो डबा उघडला की ड्रायव्हर जानराव आपली भाकर घेऊन शेजारी सरकायचा.

शालूच्या हाताला साऱ्या वस्तीत नाव होतं. कुणाच्या घरी बाळंतीण आली की शालूचे डिंकाचे लाडू जायचे. कुणाचा पोरगा परगावी शिकायला निघाला की त्याच्या पिशवीत शालूनं केलेली जवसाची चटणी असायची. आणि लग्न कुणाचंही असो, रुखवताच्या टेबलावरचे सरगुंडे शालूचेच. बारीक काडीवर कणकेचा धागा गुंडाळून काढलेले, स्प्रिंगसारखे, एकसारखे.

देवानंद जूनअखेर निवृत्त झाला. ऑगस्टमध्ये एका सकाळी भाकरी थापता थापता शालू परातीवर कलली. लकवा. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं अडखळायला लागलं. तीन आठवडे दवाखान्यात काढून ती काठीच्या आधारानं घरी आली, पण गप्प. कारण दवाखान्यात भेटायला आलेली एक बाई तिचा प्रत्येक शब्द मध्येच उचलून स्वतः पुरा करत होती. शालूनं त्या दिवसापासून बाहेरच्या माणसांपुढं तोंड उघडायचं बंद केलं.

शेजारपाजारच्यांनी काही कमी केलं नाही. रोज कुणाकडून तरी डबा यायचा. वरण-भात, भाजी, कधी वांग्याचं भरीत. देवानंद आणि मुलगी नीलम जेवायचे, शालूला भरवायचे आणि डबा घासून फळीवर ठेवायचे. असे अकरा डबे फळीवर जमले.

शालू रोज सकाळी डाव्या हातानं त्या फळीकडं बोट दाखवायची आणि अस्वस्थ व्हायची. देवानंदला वाटलं, तिला काही खायला पाहिजे. त्यानं बिस्किटं दिली. ती तिनं ढकलली. चौथ्या दिवशी नीलमनं उलगडा केला.

"बाबा, आईचं म्हननं हाय, डबे रिकामे कसे वापस करायचे?"

देवानंद खाली बसला. घरात आलेलं कुणाचं भांडं शालूनं कधी रिकामं परत केलं नव्हतं. निदान मूठभर शेंगदाणे तरी घालायची.

"मी करतो काही तरी सुट्टीच्या दिवशी," नीलम म्हणाली. ती पातूरच्या दवाखान्यात नर्स होती. सकाळी सातला घर सोडायची ते संध्याकाळी यायची.

"तू काहून? मी कोन्या कामात हाओ?" देवानंद म्हणाला. "मी करतो."

शालूनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं विमान चालवतो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नीलम गेल्यावर त्यानं शालूची खुर्ची सैपाकघराच्या दारात आणून ठेवली आणि कढई गॅसवर चढवली. जवस टाकलं. जवस तडतडून अर्धं ओट्यावर उडालं, अर्धं कढईत काळं झालं. दुसऱ्या खेपेला गॅस बारीक केला, पण लाल मिरच्या भाजताना दोघांना इतका ठसका लागला की शेजारची सीमा धावत आली.

"काका, काय जाळून राहिले?"

"चटनी करून राहिलो!" देवानंद आतून खोकत ओरडला.

तिसऱ्या खेपेला शालूनं काठी उचलली. जवस तडतडायला लागताच काठीनं ओट्याला टोला मारला. देवानंदनं कढई खाली उतरवली. मग लसूण, जिरं, मीठ. कुटताना ती पाहत राहिली. बोटाच्या टोकावर घेऊन त्यानं तिला चाटवलं. शालूनं डोळे मिटले.

"मी...ठ," ती म्हणाली.

त्यानं मीठ घातलं. पुन्हा चाटवलं. ह्या वेळी तिनं नुसता डावा हात पुढं केला. आणखी पाहिजे होती.

आठवडाभरात अकराच्या अकरा डबे चटणी भरून घरोघर गेले. देवानंद स्वतः देऊन आला. लोक दारात उभे राहून झाकण उघडायचे, वास घ्यायचे आणि विचारायचे, "वहिनी सैपाकाले लागल्या का?" देवानंद छाती काढून सांगायचा, "नाई. मी लागलो."

त्यानंतर तो थांबलाच नाही. सोपं सोपं करत गेला. वरण उकळायला ठेवून त्यात कणकेच्या चकत्या सोडायच्या, की वरणफळं झाली. बेसनाचे तिखट गोळे करून भातात शिजवायचे आणि वरून मोहरी-मिरचीचं कडकडीत तेल ओतायचं, की गोळाभात. पहिला गोळाभात इतका कच्चा राहिला की नीलमनं पाणी पिऊन पिऊन गिळला. पण दिवाळीपर्यंत असं झालं, की नीलम पातूरहून बसमध्ये बसली की फोन करायची, "बाबा, आज काय हाय?" आणि जानराव तर आठवड्यातून दोनदा हमखास जेवायला.

माघात नीलमचं लग्न ठरलं. मुलगा अश्विन, अमरावतीत वीज मंडळात इंजिनियर. त्याची आई ज्योत्स्नाताई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता तिथल्या वस्तीतल्या बुद्धविहारात बायांचं मंडळ चालवायच्या. तारीख निघाली मे महिन्यातली.

लग्नाच्या तयारीला देवानंदची थोरली बहीण केशरबाई आली. तिनं याद्या केल्या, साड्या ठरवल्या आणि रुखवताचा विषय निघाला तशी म्हणाली, "त्याचं काय नाई. आता सारं रेडीमेड भेटते. दुकानात सांगून देऊ, ते आनून मांडून देतात."

शालू खुर्चीत होती. तिनं मान खाली घातली. साऱ्या वस्तीच्या पोरींचे रुखवत जिनं केले, तिच्या पोरीचा रुखवत दुकानातून येणार होता. देवानंदनं ते पाहिलं.

"बाई, रुखवत घरी होईन," तो म्हणाला.

"कोन करन?"

"मी."

केशरबाईनं कपाळाला हात लावला. "देवा, चटनी कुटनं येगळं आन रुखवत येगळा. अमरावतीच्या बाया येतीन पाह्याले. हासतीन ना!"

"हासू दे. पोरगी माही हाय."

करंज्या जमल्या, शंकरपाळे जमले. चकल्या दुसऱ्या दिवशी जमल्या. ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, गच्चीवर धोतरावर पसरलेले पापडासारखे धापोडे चैत्रातल्या उन्हानं दोन दिवसांत कडकडीत करून दिले. राहिले सरगुंडे.

देवानंदनं बरूच्या काड्या घेतल्या, कणीक मळली आणि सकाळभर बसून चाळीस काड्या गुंडाळल्या. अभिमानानं वाळत घातल्या. संध्याकाळी पहिली काडी उपसली, तर सरगुंड्याचे चार तुकडे. दुसरीचे सहा. चाळीसातला एक धड निघाला नाही. परातीत नुसता चुरा जमला.

तो भिंतीला टेकून बसला. "बाई खरं म्हने," तो म्हणाला. "हे आपल्यानं नाई होत, शालू. दुकानात सांगून देतो."

शालू खुर्चीतून उठली. काठी टेकत आली, भिंतीला धरून हळूहळू खाली जमिनीवर बसली. दुखणं आल्यापासून ती पहिल्यांदा जमिनीवर बसत होती. तिनं परातीतला चुरा बोटांत घेऊन दाबला.

"कड...क," ती म्हणाली. मग श्वास घेऊन एकेक शब्द काढत गेली. "पानी... कमी. दोन घंटे... भिजू दे. मंग... तेल लावून... कूट."

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. कणीक कुटून कुटून लोण्यासारखी झाली. मग शालूनं एक काडी उचलली आणि डाव्या हातानं ती उजव्या, निर्जीव मुठीत खोचली. बोटं काडीभोवती नुसती वळलेली होती, पण काडी पडली नाही. डाव्या हातानं ती काडी फिरवायला लागली. देवानंदनं समोर बसून कणकेचा धागा सोडायला सुरुवात केली. तिकिटाचं मशीन येण्याआधी, चालत्या गाडीत एका अंगठ्यानं तिकिटं सरकवलेली बोटं होती ती. धागा सुतासारखा बारीक आणि सलग निघू लागला.

त्या दिवशी बावीस काड्या झाल्या. संध्याकाळी त्यानं पहिली काडी उपसली. सरगुंडा अख्खा निघाला. दुसरा अख्खा. बाविसाव्या काडीपर्यंत एकही तुटला नाही. देवानंदनं गच्चीवरूनच सीमाला हाक मारली, समोरच्यांना हाक मारली, फोन करून केशरबाईला सांगितलं. शालू खाली बसून हसत होती, तोंड एका बाजूला वाकडं होत होतं, आणि तिला त्याची पर्वा नव्हती.

महिनाभरात पाचशे सरगुंडे झाले. मग शालूनं आणखी एक काढलं. वर्तमानपत्राच्या कडेला डाव्या हातानं एक चौकोन ओढला आणि खाली दोन गोल.

"हे काय? बैलबंडी?" देवानंदनं विचारलं.

"ये...ष्टी."

लग्नाच्या दिवशी जानरावनं भाड्याचा टेम्पो स्वतः चालवत नेला. अकोल्याहून अमरावतीला त्यानं तीनेक तास लावले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून पुढं गेल्या, पण एक करंजी हलली नाही.

हॉलमध्ये एका भिंतीशी रुखवत मांडला. डिंकाचे लाडू, मुगाच्या वड्या, धापोड्यांची चळत, चटणीच्या बरण्या, सरगुंड्यांच्या तीन परड्या. आणि मधोमध एस.टी. भिंती शंकरपाळ्यांच्या, टप करंज्यांचं, चाकं चकलीची. कपाळावर पाटी: अकोला–अमरावती.

लग्न लावायला विहारातले भन्तेजी यायला अवकाश होता, तोवर बायांची गर्दी झाली. पोरं एस.टी.चे फोटो काढत होती. वरपक्षातल्या एका बाईनं सरगुंडा उचलून उजेडात धरला. "बाप्पा, किती बारीक! कोन्या केटररचा हाय हा रुखवत?"

केशरबाई बाजूलाच उभी होती. ती इतक्या मोठ्यानं बोलली की स्टेजवरच्या माणसानंही वळून पाहिलं. "केटरर कायचा? माह्या भावानं केला! माह्या भावानं आन भावजयीनं!"

ज्योत्स्नाताई पुढं आल्या. परडीतला एक सरगुंडा त्यांनी अलगद दाबून पाहिला. तुटला नाही.

"तायडेजी, आमचे तर नेहमी तुटतात. तुम्ही काय करता?"

देवानंदनं सांगायला तोंड उघडलं. मग थांबला. शालू मागं खुर्चीत बसली होती, नवीन निळी साडी नेसून. तो तिच्याकडं वळला.

"इले पुसा, ताई. मी नुसता कंडक्टर. गाडी हे चालोते."

सगळ्यांच्या नजरा शालूवर गेल्या. नऊ महिने ती परक्या माणसांपुढं बोलली नव्हती. शालूनं पदर सारखा केला.

"कनीक..." ती म्हणाली आणि अडली. "कनीक दोन..."

"दोन वाट्या?" बाजूच्या बाईनं शब्द पुरवला.

ज्योत्स्नाताईंनी हात वर केला. "त्या सांगून राहिल्या ना. सांगू द्या."

"दोन... घंटे भिजू द्या," शालू म्हणाली. "तेल लावून... कुटा. मंग..." तिनं डावा हात वर केला आणि हवेत बोटं फिरवली. "काडी... फिरवा. धागा... ओढू नका. ओढला... का तुटते."

वाक्य संपलं. तिचं तिनं संपवलं. मग कुणीतरी विचारलं, डिंक कशात तळायचा. शालूनं तेही सांगितलं. कुणी विचारलं, धापोडे आंबट कसे होत नाहीत. तेही सांगितलं. वेळ लागत होता, पण बाया सरकून सरकून जवळ येत होत्या, दोघींनी तर पिशवीतून पेन काढलं. देवानंद गर्दीतून मागं हटला आणि भिंतीकडं तोंड करून त्यानं रुमालानं डोळे पुसले. नीलम नवरीच्या पांढऱ्या साडीत आतल्या दारातून हे पाहत होती; तिला स्टेजवर न्यायला आलेल्या मैत्रिणींना तिनं म्हटलं, "थांबा वं जरा. आई बोलून राहिली."

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये ज्योत्स्नाताईंनी दोघांना चार दिवस अमरावतीला बोलावून घेतलं. विहाराच्या हॉलमध्ये शिकायला तीस बाया जमल्या होत्या. देवानंदनं पहिल्याच दिवशी अट घातली, "मानसं बी पाह्यजेत. नाई त मी चाललो." मग बायांनी आपापले नवरे, दीर, सासरे हाताला धरून आणले. निवृत्त तलाठी, बँकेतले साहेब, एक फौजदार, सगळे मांडी घालून काड्या घेऊन बसले. शालू त्यांच्यामधून काठी टेकत फिरायची, कुणाची कणीक दाबून पाहायची आणि सांगायची, "कूट अजून." फौजदार निमूट कुटायचे.

शेवटच्या दिवशी तेच सरगुंडे शिजवून आमरसासोबत बेत केला. पहिल्या पंगतीला बाया बसल्या, आणि वाढायला सगळी माणसं. शालू पंगतीच्या मधोमध होती. देवानंद रसाची बादली घेऊन तिच्यापाशी आला आणि विचारायला वाकला.

"वाढ," शालू म्हणाली, एका दमात, खणखणीत. "आन आता हात आखडू नको."

सारी पंगत हसली. देवानंदनं पळीनं नाही, बादलीच तिरपी करून रस ओतला.